लक्ष्मीला जरा झोपू द्या

खूप दिवसांनी लिहायला बसले आहे. आधी शाळेच्या परीक्षा, मग आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, मग गावाकडचा वाडा... आज वाड्याचंच निमित्त आहे, पण लिहायचं आहे ते वाड्यातून निघालेल्या तीन फोटोंबद्दल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमचं गाव केज तालुक्यात. वाडा माळवदाचा. दर पावसाळ्याआधी माळवदावर पांढरी माती टाकून ती चोपायला आता माणूस मिळत नाही, आणि वाड्यात राहायला तर कुणीच नाही. म्हणून यंदा तो उतरवायचं ठरलं. सागवानी तुळया, खांब, दगड, तांब्यापितळेची भांडी, सगळ्याचा हिशेब मोठ्या काकांनी वहीत मांडला आणि भांडण न होता वाटण्या झाल्या. (आमच्या घराण्यात ही बातमी आहे!) गाडी अडली ती तीन फोटोंपाशी.

आमच्याकडे भिंतीवर टांगलेल्या कुठल्याही चौकटीला फोटोच म्हणतात. देवाचा फोटो, आजोबांचा फोटो, गाईचा फोटो. खरं तर ही तिन्ही छापील चित्रं आहेत. एक रविवर्म्याची लक्ष्मी, एक त्याचीच शकुंतला-जन्म, आणि एक मुळगावकरांचा कृष्ण, कॅलेंडरवरचा.

आत्याचं म्हणणं, लक्ष्मीची काच तडकली, चित्र खंडित झालं, आता ते घरात ठेवू नये. मांजरथला जाऊन गंगेत सोडावं. (आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात.) पुण्याच्या दादाचं म्हणणं, जुन्या रविवर्मा प्रिंटला गिऱ्हाईक आहे, विकू आणि पैसे गावच्या देवळाला देऊ. धाकटे काका म्हणाले, "स्कॅन करून सगळ्यांच्या मोबाइलवर पाठवा. कागद घेऊन काय करायचं?" आणि मी म्हणाले, मला द्या. तर सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी तुळई मागितली.

तिथे मला धड बोलता आलं नाही. म्हणून इथे लिहिते आहे. आत्या, दादा, काका, तुम्ही तिघंही हे वाचता हे मला माहीत आहे. :)

आधी लक्ष्मीचं सांगते.

राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईला गिरगावात शिळाछापखाना काढला. त्याआधी पुण्याच्या चित्रशाळेने १८७८ पासून रंगीत चित्रं छापायला सुरुवात केली होतीच. पण रविवर्म्याच्या चित्रांनी घराघरातल्या भिंती काबीज केल्या. एकेका रंगासाठी एकेक वेगळा दगड. त्या दगडांवर चित्र उतरवायचं आणि एकाच कागदावर एकामागून एक रंग चढवत जायचे. वरून वार्निश, आणि कागदावर कॅनव्हाससारखा खरखरीतपणा उठवायचा, म्हणजे बघणाऱ्याला तैलचित्रच वाटावं. म्हणून त्यांना ओलिओग्राफ म्हणतात. पुढे मुंबईत प्लेग आला आणि १८९९ मध्ये छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. थोड्याच वर्षांत रविवर्म्याने तो आपल्या जर्मन तंत्रज्ञाला, फ्रिट्झ श्लायशरला विकून टाकला. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी याच छापखान्यात काम करत होते. रविवर्मा १९०६ मध्ये गेला, चित्रं मात्र छापली जात राहिली. १९७२ मध्ये आग लागली आणि छापखान्याची कहाणी संपली.

आमची लक्ष्मी पणजोबांनी बार्शीच्या बाजारातून आणली असं आजी सांगायची. तेव्हा आपण निजामाच्या राज्यात आणि बार्शी इंग्रजांच्या. पण १८९७ पासून बार्शीला रेल्वे होती, त्यामुळे मुंबई-पुण्याचा माल तिथपर्यंत यायचा, आणि आमच्या भागातली माणसं बैलगाडी जुंपून बार्शीला जायची. कडब्यात गुंडाळून आणली होती म्हणे लक्ष्मी. खरंखोटं पणजोबांना माहीत. यंदा चौकट उघडली तेव्हा लाकडी पट्टीखाली झाकलेल्या कडेवर छापखान्याचं नाव दिसलं आणि पुढे 'कार्ला-लोणावळा'. म्हणजे चित्र मुंबईतलं नव्हे, छापखाना डोंगराकडे गेल्यानंतरचं. शंभर वर्षं ती अर्ध्या इंचाची ओळ आमच्या घरात होती आणि कुणी वाचली नव्हती.

आता यावर काकांचा मुद्दा असा की, "अगं, अशा हजारो छापल्या असतील. त्यात आपल्या एकीचं काय कौतुक?"

काका, बरोबर आहे. छापली तेव्हा ती हजारातली एकच होती. पण मग आजी लग्न होऊन या घरात आली. आणि पहिल्याच वर्षी कधीतरी, दुपारच्या वेळी, तिने ते चित्र चौकटीतून काढलं आणि लक्ष्मीच्या साडीच्या काठावर स्वतःच्या जुन्या लुगड्याची जर शिवली. सुईने, कागदावर. पदराला टिकल्या लावल्या. गळ्यात बारीक मोती. हा काही तिचा एकटीचा छंद नव्हता. त्या काळात अनेक घरांत बायका रविवर्म्याच्या देवींना अशी जर, टिकल्या, मखमल लावत. संग्रहालयांत अशी नटवलेली चित्रं आहेत. पण प्रत्येकीची जर वेगळी, टाके वेगळे. आमच्या लक्ष्मीच्या उजव्या बाजूचे टाके एकसारखे आहेत आणि डाव्या बाजूचे घाईतले. का, ते आता कोण सांगणार? मूल रडलं असेल. सासूने हाक मारली असेल.

आजीचं नाव वाटणीच्या वहीत कुठेच नाही. शेत आजोबांचं, वाडा पणजोबांचा. तिने स्वतःच्या हाताने केलेली आणि अजून शिल्लक असलेली वस्तू म्हणजे एवढीच. हे मला त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलता आलं नाही.

असो. आता मूळ मुद्द्यावर येते. माझं मत असं आहे की आपल्या घरातल्या छापील चित्रांचं नुकसान दुर्लक्षाने होतं त्याच्यापेक्षा जास्त मायेने होतं. आणि हे मी दुसऱ्यांना नाही, आधी स्वतःला सांगते आहे. या तिन्ही चित्रांच्या बाबतीत गुन्हेगारांच्या यादीत माझं नाव आहे.

लक्ष्मी देवघरात होती. समोर समई, निरांजन, उदबत्ती, सणाला धूप. काजळी हळूहळू काचेवर, आणि काचेच्या फटीतून आत. मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशीच गणपती बोळवले होते. किल्लारीला जो भूकंप झाला त्याचा धक्का आमच्याकडेही जोरात बसला. आम्ही सगळे अंगणात पळालो. किल्लारीकडे काय झालं ते उजाडल्यावर रेडिओवर कळलं, आणि मग आमच्या घरच्या नुकसानीबद्दल बोलायची कुणाला लाजच वाटली. लक्ष्मी खुंटीवरून पडली होती. काच तडकली, एका कोपऱ्यात कागद फाटला. काकांनी प्रेमाने त्याला चिकटपट्टी लावली. काच काढून टाकली, नवी आणायची राहिली ती राहिलीच. त्यानंतर आजी २००१ मध्ये जाईपर्यंत रोज लक्ष्मीच्या पावलांना कुंकू लावायची ते थेट कागदावर. आणि १९९५ च्या दिवाळीत, साफसफाईच्या उत्साहात, मी बारा वर्षांची मुलगी ओलं फडकं घेऊन स्टुलावर चढले. हत्तीच्या कानाचा पोपडा माझ्या हातात आला. मी तो फ्रॉकच्या खिशात लपवला आणि नंतर हौदात टाकला. हे मी आज पहिल्यांदा कबूल करते आहे.

आता बघा, यात दुर्लक्ष कुठे आहे? समई, कुंकू, चिकटपट्टी, फडकं. सगळी मायाच.

शकुंतलेची गोष्ट उलटी. या चित्रात विश्वामित्र तोंड फिरवून उभा आहे आणि मेनका त्याला लेक दाखवते आहे. रविवर्म्याच्या छापखान्यातून बाहेर पडलेलं पहिलं चित्र हेच, असं सांगतात. आमची प्रत पहिल्या खेपेची असेल असं नाही. कोणीतरी पूर्वजाने आणली, पण वाड्यातल्या वडीलधाऱ्यांना ते चित्र माजघरात लावण्याजोगं वाटलं नसावं. गुंडाळी करून ट्रंकेत गेली ती गेलीच. यंदा मे महिन्यात ती ट्रंक उघडली. गुंडाळीची एक कड उलगडली आणि मी बघतच राहिले. रंग असे, की काल छापले असावेत! हिरवा हिरवा आणि निळा निळा. त्याच आनंदात मी भर दुपारी, बेचाळीस डिग्रीत, कोरड्याठाक हवेत ती गुंडाळी जमिनीवर उलगडायला गेले. पापड मोडावा तसा आवाज झाला. विश्वामित्र एकीकडे, मेनका एकीकडे. मधले चार तुकडे. कडा कसरीने खाल्लेल्या होत्याच.

देवघरातल्या लक्ष्मीचा रंग गेला, कागद टिकला. ट्रंकेतल्या शकुंतलेचा रंग टिकला, कागद गेला. मला वाटतं, यातच सगळं आलं.

आणि कृष्ण. रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६) मूळचे गोव्याचे. त्यांची चित्रं कॅलेंडरांवरून, दिवाळी अंकांवरून महाराष्ट्रभर गेली. बाबांना हा कृष्ण फार आवडायचा. ते गेल्यावर मी तो अंबाजोगाईला आणला आणि हौसेने फ्रेम करायला दिला. फ्रेमवाला म्हणाला, "ताई, तयार फ्रेममध्ये हे मावत नाही. खालची पट्टी कापू का?" मी म्हणाले, "कापा." त्या खालच्या पट्टीवर कॅलेंडर कुणाचं, कुठल्या वर्षाचं ते छापलेलं होतं. वर बाबांनी पेन्सिलीने काहीतरी तारीख लिहिली होती. कापलेली पट्टी कुठे गेली देव जाणे. शिवाय सुरकुती पडू नये म्हणून त्याने चित्र पाठीमागच्या पुठ्ठ्यावर पांढऱ्या गोंदाने पक्कं चिकटवून टाकलं. आता ते कधीच सुटणार नाही. त्याची चूक नाही, त्याला वाटलं काम पक्कं केलं. चूक माझी, मी 'कापा' म्हणाले.

या सगळ्यानंतर मी थोडं वाचलं, दोनचार जाणत्यांना विचारलं. जे कळलं ते फार अवघड नाही. ज्यांच्या घरी अशी चित्रं आहेत त्यांच्यासाठी लिहून ठेवते.

पहिली गोष्ट उजेड. उजेडाने उडालेला रंग परत येत नाही, कुठल्याही उपायाने नाही. आणि उजेड साठत जातो. आज दोन तास, उद्या दोन तास, असं चित्राच्या खात्यावर चढत जातं. संग्रहालयात कागदावरच्या चित्रांना साधारण ५० लक्स एवढाच उजेड देतात, म्हणजे आपल्याला वाटेल की दिवा लावायला विसरले. आपल्या घरात दिवसा खिडकीजवळ हजार लक्स सहज असतो. म्हणजे तिथे एका तासात जेवढी झीज, तेवढी संग्रहालयात वीस तासांत. लक्ष्मीची चौकट उघडली तेव्हा मला हे डोळ्यांनी दिसलं. पट्टीखाली झाकलेल्या अर्ध्या इंचात साडी लालभडक, आणि पट्टी संपते तिथून पुढे विटलेली गुलाबी. मधे सरळ रेघ. म्हणून खिडकीसमोर नको, पश्चिमेच्या उन्हात नको, वरून ट्यूबलाइट नको. त्यातल्या त्यात एलईडीचा साधा दिवा बरा.

दुसरी भिंत. बाहेरची, पाऊस खाणारी भिंत नको. न्हाणीघराला लागून नको. आणि आपल्या मराठवाड्यात आणखी एक, कूलरच्या झोतासमोर नको! उन्हाळ्यात दिवसभर हवा कोरडी खडखडीत, रात्री कूलरचा ओला वारा, सकाळी परत कोरडी. कागद रोज फुगतो, रोज आकसतो. चार उन्हाळ्यांत लाटा पडतात. चौकटीच्या मागे चारी कोपऱ्यांना रबराचे किंवा बुचाचे छोटे तुकडे चिकटवा, म्हणजे भिंत आणि चौकट यांच्यात वारा खेळेल. वाळवी मातीच्या भिंतीतून थेट चौकटीत शिरते, म्हणून वर्षातून दोनदा चौकट काढून पाठ बघा. आपण पाठ कधीच बघत नाही.

तिसरी चौकट. चित्र काचेला टेकता कामा नये. दमट दिवसांत ते काचेला चिकटतं, मग काच काढताना रंग काचेबरोबर येतो. म्हणून मधे माउंट हवा. माउंट आणि पाठीमागचा पुठ्ठा दोन्ही ॲसिड-फ्री मागा. साधा पुठ्ठा वर्षानुवर्षांत कागदाला तपकिरी करतो आणि ठिसूळ करतो. आपल्याकडच्या दुकानात मिळत नसेल तर मोठ्या शहरातून मागवा, फार महाग पडत नाही. चिकटवायचं तर चित्राची फक्त वरची कड, दोन छोट्या कागदी बिजागऱ्यांनी, गव्हाच्या खळीने. खळ पाण्याने सुटते. गोंद, चिकटपट्टी, लॅमिनेशन यातलं काही नको. नियम एकच आहे, जे परत उलटवता येणार नाही ते करू नका. आणि कड कापू देऊ नका. चौकट चित्राच्या मापाची करा.

चौथी साफसफाई. चित्राला पाणी नाही, कोरडं फडकंही नाही. काच पुसायची तर फडक्यावर थेंबभर पाणी घ्यायचं, काचेवर फवारा मारायचा नाही, तो पट्टीखालून आत जातो. बारा वर्षांच्या मुलींना स्टुलावर चढू द्यायचं नाही.

पाचवी ठेवण. गुंडाळी करू नका. सपाट ठेवा, पेटीत, मधे ॲसिड-फ्री कागद. वर्तमानपत्रात तर अजिबात नाही. पेटी जमिनीवर नको आणि पत्र्याच्या छताखालच्या माळ्यावरही नको. आणि गुंडाळी झालेलीच असेल, तर माझ्यासारखी भर उन्हाळ्यात उलगडू नका. तसंच ठेवा आणि जाणत्या माणसाला दाखवा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अशा दुरुस्तीचं केंद्र आहे. शकुंतलेचे सहा तुकडे मी सपाट करायच्या भानगडीत न पडता पेटीत ठेवून दिले आहेत. तिकडे कधी जाणं होईल तेव्हा विचारणार.

एवढं सांगून झालं, तरी आत्याचा प्रश्न उरतोच. तिने फोनवर मला सरळ विचारलं, "देवाचं चित्र देवघरात नाही, तर कुठं ठेवतीस? भिंतीवर शोभेला?"

प्रश्न खरा आहे. मी दोन रात्री विचार केला. आत्या, माझं उत्तर असं. देवघरात पूजा होते ती कागदाची नाही. आपण दरवर्षी महालक्ष्म्या बसवतो, मुखवटे तेच ठेवतो, साड्या बदलतो. गणपती दरवर्षी नवा आणतो. आपल्याला देव बदललेला चालतो, फक्त भाव तोच लागतो. मग देवघरात याच लक्ष्मीची नवी छापील प्रत लाव. काकांच्या स्कॅनचा खरा उपयोग हा. तिला कुंकू लाव, समई लाव, धूप कर, खराब झाली की दुसरी काढू. पण आजीच्या जरीची लक्ष्मी एकच आहे, तिला या कामातून मोकळं कर.

आणि दादा, विकू नये असं मी म्हणते ते भावनेपोटी नाही. म्हणजे आहेच, पण तेवढंच नाही. जो घेईल तो बहुधा ती नीट सांभाळेल, माझ्यापेक्षा नीट. पण त्याच्या घरी ती 'नटवलेली रविवर्मा प्रिंट' असेल. डाव्या बाजूचे टाके घाईतले का, असा प्रश्न तिथे कुणाला पडणार नाही. आपल्याकडेही उत्तर नाही, पण निदान प्रश्न आहे.

नुसती पेटीत मात्र ठेवायची नाही. ते शकुंतलेचं झालं. चित्र बघितलं गेलं नाही तर त्याला काय झालं हेही कळत नाही. म्हणून माझा प्रस्ताव असा. दरवर्षी महालक्ष्म्यांच्या आवाहनाला लक्ष्मी पेटीतून बाहेर काढायची, आतल्या खोलीत, उन्हाआड भिंतीवर लावायची. दिवाळी झाली, देवउठणी एकादशी झाली की परत पेटीत. म्हणजे वर्षातले साधारण दोन महिने ती आपल्याला दिसेल, दहा महिने झोपेल. वर्षभर टांगली तर जेवढा उजेड एका वर्षात खाईल, तेवढा खायला तिला साडेपाच वर्षांहून जास्त लागतील. आषाढीला देव झोपतात आणि चार महिने झोपतात, याचं आपल्याला कधी वाईट वाटलं नाही. मग लक्ष्मीने थोडं जास्त झोपलं तर काय बिघडलं? आणि दोन महिनेच दिसणारी गोष्ट माणूस नीट बघतो. बारा महिने भिंतीवर असलेलं चित्र आपण कुठे बघतो? देवघरातली ती लक्ष्मी मी अठरा वर्षं रोज पाहिली, पण टाके कसे आहेत ते मला यंदा दिसले.

आता राहिला तो कुंकवाचा डाग. लक्ष्मीच्या पावलांवर बोटभर जागा काळपट लाल झाली आहे. मी एका जाणत्या बाईंना विचारलं, हा निघेल का? त्या म्हणाल्या, प्रयत्न करता येईल, पण तुम्हाला तो का काढायचा आहे? माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो डाग नाहीच, आजीच्या बोटाची जागा आहे ती. चिकटपट्टीचा पिवळा डाग वेगळा, त्याचा चिकट द्राव अजून कागदात शिरतो आहे, तो थांबवायला हवा. पण कुंकू राहू द्या. नुकसान आणि खूण या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि सगळं स्वच्छ करायच्या नादात आपण खूणही पुसतो. हे मुळगावकरांच्या कृष्णाने मला शिकवलं.

इथे अंबाजोगाईत दासोपंतांची पासोडी आहे. दासोपंत म्हणजे १५५१ ते १६१५. सुमारे ४० फूट लांबीच्या जाडजूड कापडावर त्यांनी 'पंचीकरण' लिहिलं. जीर्ण झाली आहे, पण आहे. चारशे वर्षं. यात किती उन्हाळे आले, किती दुष्काळ, किती राज्यं बदलली. ती टिकली ती काही कुणी कपाटाला मोठं कुलूप लावलं म्हणून नाही. प्रत्येक पिढीत कुणीतरी एकाने म्हटलं असणार की हे माझ्याकडे आहे, मी बघतो. लहानपणी शाळेच्या सहलीत ती बघितली तेव्हा मला 'एवढं लांब धडपं' एवढंच वाटलं होतं. आता त्या रस्त्याने जाताना मनात येतं, चौदा-पंधरा पिढ्या, आणि मधल्या एकीलाही 'गंगेत सोडून देऊ' असं वाटलं नाही. किंवा वाटलं असेल, पण कुणीतरी अडवलं असेल.

आमच्याकडे तर आत्ता कुठे चौथी पिढी आहे.

आणखी एक सांगायचं राहिलं. चौकटीतून चित्र काढताना पदरावरची एक टिकली सुटून पडली. दोरा कुजला होता. ती जिथे होती तिथे मी वाकून बघितलं. मसुरीच्या दाण्याएवढा गोल, आणि आत तोच लालभडक रंग, बार्शीच्या बाजारात पणजोबांनी पाहिला असेल तो. सत्तर वर्षांपूर्वी आजीने ती टिकली लावली आणि तेवढी जागा तिच्याच हाताने झाकून ठेवली. बाकी सगळी साडी उडाली.

आई म्हणाली, परत शिवून टाक. मी नाही शिवली. कागदाला आणखी एक भोक कशाला? शिवाय तो एक ठिपका उघडा राहिला तर निदान मुलांना दाखवता येईल की ही साडी मुळात कशी होती. टिकली छोट्या पाकिटात घातली, वर तारीख घातली, आणि पाकीट चित्राबरोबर पेटीत ठेवलं. यावेळी पेन्सिलीने लिहिलं, आणि कागद कापायला कुणाच्या हातात दिला नाही.

दिवाळीला सगळे इथेच जमणार आहात. तोवर लक्ष्मी माझ्या आतल्या खोलीत, खिडकीआड, नव्या माउंटमध्ये असेल. गंगेत, पुण्याला की पेटीत, काय ते तेव्हा ठरवू. माझं मत मी सांगितलं. फक्त एक अट आहे. ठरवायच्या आधी प्रत्येकाने पाच मिनिटं तिच्यासमोर बसून ते डाव्या बाजूचे टाके बघायचे. आत्या, तू चष्मा घेऊन ये.

आणि बाकीच्यांनो, आज घरी गेल्यावर भिंतीवरचा एक फोटो खाली काढा आणि त्याची पाठ बघा. काय निघालं ते मला नक्की कळवा.